सोडणारं टोक, झेलणारं टोक

एका बाजूला कोकणातल्या तालुक्याच्या गावी आयुष्यभर दवाखाना चालवलेले काका, दुसऱ्या बाजूला चेतापेशींवर संशोधन करणारी त्यांची पुतणी. ही दोन माणसं मी रचलेली आहेत. त्यांची मतं मात्र रचलेली नाहीत. विषाचा अभ्यास करणारे आणि विषबाधेवर उपचार करणारे यांच्यात हा मतभेद खरोखर आहे. बोलणं चाललं आहे कोळ्याच्या विषावर: ते चेतातंतूच्या टोकाशी जाऊन नेमकं काय करतं, आणि ते कळल्यानं कोणाचं काय भलं होतं.

काका : मला आधी रुग्ण सांग. रेणू नंतर.

पुतणी : ठीक आहे काका, रुग्णापासून सुरुवात करते. १९३३चा नोव्हेंबर महिना, अमेरिकेतलं अलाबामा विद्यापीठ. तिथल्या अ‍ॅलन ब्लेअर नावाच्या प्राध्यापकांनी ब्लॅक विडो कोळ्याची मादी घेतली आणि स्वतःच्या बोटाला तिला चावू दिलं. या चाव्यानं माणसाला खरंच काही होतं का, याबद्दल तेव्हा जाणकारांतही शंका होती. ब्लेअरना ती शंका स्वतःच्या अंगावर घेऊन फेडायची होती.

काका : मग?

पुतणी : चावा अगदी क्षुल्लक होता. पण काही तासांत ते रुग्णालयात. पोटात आणि पायांत असह्य वेदना, स्नायूंना गोळे, घामाच्या धारा, श्वास घ्यायलाही त्रास. दुखणं कित्येक दिवस चाललं. पुढच्या वर्षी त्यांनी सगळं वैद्यकीय नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केलं.

काका : पोट ताठ झालं असणार. या चाव्यात पोटाचे स्नायू इतके आवळतात, की सर्जनला अपेंडिक्स फुटल्याचा किंवा आतड्याला भोक पडल्याचा संशय येतो. पण ज्याच्या पोटात पू झालाय तो माणूस निपचित पडतो, हलायला बघत नाही. हा रुग्ण तळमळतो, कूस बदलत राहतो. एवढा फरक ज्याच्या नजरेला पडला, त्यानं एक नको असलेलं ऑपरेशन टाळलं. मी याला ज्ञान म्हणतो. बिछान्याशेजारी उभं राहून मिळालेलं.

पुतणी : मी त्याला कमी लेखत नाही. पण ते पोट ताठ का झालं, हा प्रश्न मला सोडत नाही. पोटाचा प्रत्येक स्नायू आवळण्याची आज्ञा चेतातंतूकडून घेतो. इथे मेंदूनं आज्ञाच दिलेली नाही आणि तरी तंतूच्या टोकातून संदेशवाहक द्रव्य बाहेर पडतंय, सारखं पडतंय. हुकूम नसताना हे टोक रिकामं कोण करतंय?

काका : हुकूम असताना ते कसं रिकामं होतं, तिथून सांग. आम्ही शिकलो त्याला जमाना झाला.

पुतणी : चेतातंतूच्या टोकाशी बारीक गोल पिशव्या दाटीनं साठलेल्या असतात. एकेकीचा व्यास चाळीस-पन्नास नॅनोमीटर. स्नायूकडे जाणाऱ्या तंतूत प्रत्येक पिशवीत अ‍ॅसिटिलकोलिनचे काही हजार रेणू भरलेले असतात. विजेचा संदेश टोकापर्यंत आला, की पटलातले कॅल्शियमचे चॅनेल उघडतात. पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींनी जास्त कॅल्शियम असतं, त्यामुळे ते आत धावतं. पिशवीवरचं सिनॅप्टोटॅग्मिन नावाचं प्रथिन ते कॅल्शियम टिपतं. पिशवीवरचं एक प्रथिन आणि पटलावरची दोन प्रथिनं आधीच वेणीसारखी एकमेकांत गुंफलेली असतात. ती वेणी आता घट्ट आवळली जाते, पिशवी पटलाला मिळते आणि आतला ऐवज तंतू आणि स्नायू यांच्यातल्या फटीत सांडतो. हे सगळं एका मिलिसेकंदाच्याही आत.

काका : वेणी सोडली तर बाकीचं आम्हालाही शिकवलं होतं. आणि पलीकडच्या बाजूला रिसेप्टर.

पुतणी : हो, पलीकडे रिसेप्टर. एक टोक सोडतं, दुसरं झेलतं. कोळ्यांची बरीचशी विषं सोडणाऱ्या टोकावर किंवा त्याच्या वाटेवर घाव घालतात, आणि प्रत्येकाचा घाव वेगळ्या ठिकाणी. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अ‍ॅजेलेनॉप्सिस अपेर्टा नावाचा कोळी आहे. त्याच्या विषातलं ओमेगा-अ‍ॅगाटॉक्सिन आयव्हीए हे द्रव्य कॅल्शियमचे चॅनेलच बंद करून टाकतं. संदेश येतो, पण पिशव्या हलत नाहीत. कॅल्शियमच्या चॅनेलचे निरनिराळे प्रकार असतात. मेंदूतल्या बहुतेक चेतासंधींवर आणि आपल्या स्नायूंवर संदेशवाहक सोडायला मुख्यतः त्यातला कोणता प्रकार लागतो, हे १९९०नंतर ओळखता आलं, त्यात या विषाचा मोठा वाटा आहे. लॅम्बर्ट-ईटन आजारात रुग्णाच्या स्वतःच्या अँटीबॉडी नेमक्या याच चॅनेलवर उठतात.

काका : मांड्यांतली शक्ती जाते, खुर्चीतून उठवत नाही. कधी त्यामागे फुफ्फुसाचा कॅन्सर दडलेला असतो. हा आजार मला माहीत आहे. त्याचा धागा कोळ्यापर्यंत जातो, हे माहीत नव्हतं.

पुतणी : दुसरा घाव सिडनीच्या परिसरातल्या फनेल-वेब कोळ्याचा. त्याचं मुख्य विष म्हणजे अवघ्या ४२ अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती सोडियमच्या चॅनेलला धरते आणि त्याला वेळेवर मिटू देत नाही. संदेश एकदा उठला की विझत नाही, तंतू पुन्हापुन्हा पेटत राहतो. टोकं रिकामी होतात ती या सततच्या हुकमानं. आणि गंमत, ही बाधा माणसाला आणि माकडाला फार जोरात होते, बऱ्याच इतर सस्तन प्राण्यांना त्या मानानं कमी.

काका : सोडियमचा चॅनेल मिटू न देणं म्हणजे आमच्या लाल विंचवाचाच धंदा. त्यावर मी येणार आहे. पण त्या सिडनीच्या कोळ्याचं तूच काढलंस म्हणून विचारतो. त्याच्यावरचं प्रतिविष कधी निघालं?

पुतणी : स्ट्रुआन सदरलँड यांनी ससे वापरून ते तयार केलं. १९८१मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला दिलं. त्याआधी या कोळ्यानं गेलेल्या १३ माणसांची नोंद आहे. त्यानंतर एकही नाही.

काका : आणि तुझी ती ४२ अमिनो आम्लांची साखळी कधी वाचली गेली?

पुतणी : १९८५ला.

काका : म्हणजे आधी माणसं वाचायला लागली, साखळी चार वर्षांनी वाचली गेली. सदरलँडना कोणता चॅनेल हे ठाऊक असायची गरज पडली नाही. विष सशाला थोडं थोडं टोचायचं, रक्तातून प्रतिविष काढायचं, रुग्णाला द्यायचं. तुमच्या रेणूंविषयी मला आदर आहे, पण उपचार त्यांच्यासाठी थांबून राहत नाही.

काकांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि पुतणीनं तो मान्य केला पाहिजे. वैद्यकात कारण कळण्याआधी उपाय सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पण संभाषण इथे थांबलं तर एक मोठी गोष्ट सुटते. ब्लॅक विडोच्या विषानं चेताविज्ञानाला जे दिलं, तसं दुसऱ्या फार थोड्या विषांनी दिलं असेल. म्हणून यापुढे पुतणीला जरा जास्त बोलू देणं मला भाग आहे.

पुतणी : तिसरा घाव सगळ्यात सरळ. ब्लॅक विडोचं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन. वजन सुमारे १ लाख ३० हजार डाल्टन, हजाराहून जास्त अमिनो आम्लं, फनेल-वेबच्या साखळीपुढे प्रचंड. ते विजेच्या संदेशाची वाटच बघत नाही. थेट सोडणाऱ्या टोकाला जाऊन चिकटतं आणि तिथल्या पिशव्या ओतायला लावतं. टोक अ‍ॅसिटिलकोलिनचं असो, नॉरअ‍ॅड्रेनलिनचं असो, ग्लुटामेटचं असो, त्याला फरक पडत नाही. त्याच कोळ्याच्या विषात कीटकांसाठी वेगळी विषं आहेत, कवचधारी प्राण्यांसाठी वेगळं. हे अल्फा आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्यांसाठी.

काका : कीटक खाणाऱ्याला आमच्यासाठी वेगळं विष कशाला लागतं?

पुतणी : या कोळ्यांच्या जाळ्यात कधीकधी लहान सरडे-पालीही अडकतात, आणि ते त्यांना खातात.

काका : बरं. ओतायला लावतं म्हणालीस. आमच्या भाषेत त्याचा अर्थ मी लावतो. अ‍ॅसिटिलकोलिन ओतलं गेलं म्हणून गोळे आले, पोट ताठ झालं आणि घामही फुटला, कारण घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतूही अ‍ॅसिटिलकोलिनच सोडतात. नॉरअ‍ॅड्रेनलिन ओतलं गेलं म्हणून रक्तदाब चढला. ब्लेअरांचा सगळा केसपेपर या एका वाक्यात बसला. हे मला आवडलं, मान्य करतो. पण ओततं, हे कोणी पाहिलं?

पुतणी : त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९५२मध्ये पॉल फॅट आणि बर्नार्ड कात्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर एक विचित्र गोष्ट टिपली. तंतू शांत असतानाही स्नायूत मधूनमधून अगदी छोटे विजेचे ठिपके उमटत होते, आणि ते जवळपास सारख्याच आकाराचे होते. कात्झ यांनी पुढे दाखवलं, की संदेशवाहक सुटे रेणू म्हणून झिरपत नाही. तो ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटतो, आणि एक ठिपका म्हणजे एक पुडी. त्याच दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या टोकात पिशव्या दिसल्या. एक पुडी म्हणजे एक पिशवी, असं म्हणण्याचा मोह सगळ्यांना झाला. पण सिद्ध कसं करायचं?

काका : पिशव्या काढून टाकायच्या आणि ठिपके थांबतात का बघायचं.

पुतणी : नेमकं तेच! पण पिशव्या काढणार कशा? १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लॉंगनेकर, हर्लबट, मॉरो आणि क्लार्क यांनी बेडकाच्या स्नायूवर ब्लॅक विडोचं विष टाकलं. एरवी सावकाश उमटणाऱ्या ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला, सेकंदाला शेकड्यांनी. मग तो ओसरत गेला आणि थांबला. ते टोक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पिशव्या नाहीशा झालेल्या. त्याच वर्षी कात्झना नोबेल मिळालं.

काका : थांब. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. विषानं टोक मारलं असेल. मेलेल्या टोकात पिशव्याही नसतात आणि ठिपकेही नसतात. माझ्याकडे असा पुरावा कोणी आणला तर मी तो परत पाठवीन.

पुतणी : आणि तुमचं बरोबर असेल. म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षं हर्लबट आणि मिलानचे ब्रूनो चेक्कारेल्ली यांनी हाच प्रश्न उलटापालटा करून पाहिला. द्रावातून कॅल्शियम काढून विष टाकलं तर टोक रिकामं होतं आणि फुगतं. सुटलेल्या पुड्या मोजल्या तर आकडा काही लाखांत येतो, आणि पिशव्यांचा मूळ साठाही त्याच पल्ल्यातला. पण द्रावात कॅल्शियम असलं तर टोक काही काळ पिशव्या पुन्हा बनवत राहतं, आणि सुटलेल्या पुड्यांची संख्या मूळ साठ्याच्याही पुढे जाते. मेलेलं टोक हे करू शकणार नाही. म्हणजे पिशवी पटलाला मिळते, तिचं आवरण परत आत ओढलं जातं, नवी पिशवी होते. चेतापेशीत पिशव्यांचा हा फेरा चालतो, हे समजण्यात या कोळ्याच्या विषाचा हात आहे.

काका : हा पुरावा मी घेतो.

पुतणी : इथून पुढे मात्र आमच्यातच दोन तट पडले. विष ओतायला लावतं ते कसं? एका गटाचं म्हणणं, ते पटलाला भोक पाडतं. १९७६मध्ये शुद्ध विष चेतापेशी नसलेल्या, प्रयोगशाळेत तयार केलेल्या चरबीच्या पातळ पडद्यावर टाकलं, तर त्यातून आयन वाहू लागले. ना पेशी, ना रिसेप्टर, तरी भोक. २०००मध्ये लंडनमध्ये त्याचं चित्र मिळालं. विषाचे चार रेणू एकत्र येतात आणि मधोमध पोकळी राहते. त्या पोकळीतून कॅल्शियम आत शिरलं की बाकीचं काम टोक स्वतःच करतं.

काका : मग झालं की. भोक पडलं, कॅल्शियम शिरलं, पिशव्या ओतल्या. यात आणखी काय शोधायचं?

पुतणी : दोन गोष्टी अडतात. एक, बाहेर कॅल्शियम नसतानाही हे विष काम करतं, हे तुम्ही आत्ताच ऐकलंत. दोन, भोकच पाडायचं तर विष कुठल्याही पेशीला पाडेल, चेतातंतूच्या टोकालाच का निवडतं? टोकावर त्याला धरणारं काहीतरी असलं पाहिजे. म्हणून दुसऱ्या गटानं विषालाच गळ म्हणून वापरलं. मेंदूच्या पेशींतून त्याला चिकटणारं प्रथिन ओढून काढलं. थॉमस स्युडहॉफ यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली त्याचं जनुक वाचलं गेलं आणि त्याला न्युरेक्सिन नाव मिळालं. विष न्युरेक्सिनला धरतं ते कॅल्शियम असेल तरच. मग कॅल्शियमशिवाय ते कोणाला धरतं? त्या शोधात १९९६-९७च्या सुमारास दुसरा रिसेप्टर सापडला, लॅट्रोफिलिन. पुढे विषाचा असा बदललेला रेणू तयार झाला, जो रिसेप्टरला धरतो पण भोक पाडत नाही. कॅल्शियम असताना तोही पिशव्या ओतायला लावू शकतो. म्हणजे दोन्ही गट काही अंशी खरे ठरले.

काका : आणि ही दोन प्रथिनं निरोगी माणसात काय करतात? कोळ्याची वाट बघत तर बसलेली नसतील.

पुतणी : मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. न्युरेक्सिन सोडणाऱ्या टोकावर बसून पलीकडच्या टोकावरच्या प्रथिनाला हात देतं. दोन टोकं समोरासमोर नीट जुळलेली राहतात ती अशा प्रथिनांच्या आधारानं. मग माणसांत पाहिलं, तर न्युरेक्सिन-१च्या जनुकाचा तुकडा गळलेल्या काहींना स्वमग्नता असते, काहींना स्किझोफ्रेनिया. लॅट्रोफिलिनच्या एका भावंडाच्या जनुकाचा संबंध मुलांच्या अतिचंचलतेशी जोडला गेलाय. विष हातात नसतं तर ही प्रथिनं आज ना उद्या सापडली असतीच. पण ती सापडली ती विषामुळे. स्युडहॉफ यांना २०१३मध्ये नोबेल मिळालं ते पिशव्या कॅल्शियमच्या इशाऱ्यावर कशा सुटतात, या कामासाठी.

काका : छान आहे. मनापासून सांगतो. पण आता मी माझ्या रुग्णाकडे परत जातो. ऑस्ट्रेलियात ब्लॅक विडोची बहीण आहे, रेडबॅक. तिच्यावरचं प्रतिविष १९५६पासून आहे. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांनी ते दिलं, रुग्ण बरे होताना पाहिले, त्यांचा विश्वास बसला. २०१४मध्ये २२४ रुग्णांवर नीट चाचणी केली: काहींना वेदनाशामकांबरोबर प्रतिविष, काहींना वेदनाशामकांबरोबर नुसतं प्लासिबो. प्रतिविषाचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. या विषाची रचना, रिसेप्टर, भोक, सगळं तुम्हाला ठाऊक होतं. मग तुमच्यापैकी कोणी हे आधी का सांगितलं नाही?

पुतणी : आम्ही सांगायला हवं होतं, हे खरं. विष एकदा पटलात रुतलं की रक्तातल्या अँटीबॉडीला ते हाती लागणं अवघड असणार, असा अंदाज रचनेवरून करता येतो. पण अंदाज म्हणजे चाचणी नव्हे. आणि काका, ही चाचणी तुमच्याही विरुद्ध जाते. बिछान्याशेजारी उभं राहून मिळालेलं ज्ञान तिथे कित्येक दशकं फसत राहिलं. रुग्ण बरे होत होते, कारण ते तसेही बरे होणार होते. उंदरांत हे विष मोटर तंतूंची टोकं मारून टाकतं, आणि काही दिवसांत ती पुन्हा उगवतात. इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी हे बारकाईनं पाहिलंय. ब्लेअर बरे झाले, त्यामागे हेही असेल.

काका : हे मला लागलं. आणि लागायला हवंच होतं. डॉक्टरच्या नजरेलाही मोजमापाची शिस्त लागते. पण आता महाडला चल.

पुतणी : बावस्करांकडे.

काका : महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांकडे. आमच्या भागात लाल विंचू चावला की लहान मूल दगावायचं. रात्री झोळीत घालून आणलेली मुलं मी पाहिलीत: हातपाय गार, अंग घामानं निथळलेलं, नाडी पळतेय, मग तोंडाला गुलाबी फेस आणि फुफ्फुसात पाणी. गंभीर रुग्णांतले तीस टक्क्यांच्या आसपास मरायचे. बावस्कर रुग्णाशेजारी बसून राहिले, तासातासाला नोंद ठेवली आणि ‘लॅन्सेट’ला लिहिलं. त्यांच्या लक्षात आलं, की शरीरात नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिनचं वादळ उठलंय, रक्तवाहिन्या आवळल्यात आणि हृदय त्या ओझ्याखाली दमलंय. मग त्यांनी प्रॅझोसिन दिलं. रक्तदाबाची स्वस्त, साधी गोळी. ती नॉरअ‍ॅड्रेनलिनचे अल्फा रिसेप्टर अडवते. १९८६मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. तू सोडणाऱ्या टोकाकडे बघतेस. त्यांनी झेलणारं टोक धरलं. विष कुठे बसलंय, कोणता चॅनेल उघडा राहिलाय, याच्याशी त्या गोळीला काही घेणंदेणं नव्हतं. जे सुटलंय ते झेलू द्यायचं नाही, बस्स.

पुतणी : याच्यापुढे मी नतमस्तक आहे. फक्त दोन गोष्टी जोडते. अल्फा रिसेप्टर अडवणारी गोळी प्रयोगशाळेतूनच आली. झेलणाऱ्या टोकावर अल्फा आणि बीटा असे वेगळे रिसेप्टर आहेत, हे कोणीतरी निवांत बसून शोधलं होतं, विंचवाचा विचारही मनात नसताना. आणि विंचूदंशात शरीरात अ‍ॅड्रेनलिन-नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढतात, हे इस्रायलमध्ये १९६९च्या सुमारास मोजलं गेलं होतं.

काका : मोजणारे डॉक्टरच होते.

पुतणी : डॉक्टरच होते, पण मोजलं प्रयोगशाळेत. आता आणखी एक गोष्ट. २०११मध्ये बावस्करांनीच ‘बीएमजे’त चाचणी प्रसिद्ध केली: नुसतं प्रॅझोसिन, की प्रॅझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष? दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. झेलणारं टोक एकानं सांभाळलं, सोडणाऱ्या टोकाकडे जाणारं विष दुसऱ्यानं पकडलं.

काका : हो. ती चाचणी मी वाचलीय. माझं म्हणणं मी तेवढ्यापुरतं सुधारतो. एकट्या झेलणाऱ्या टोकावर थांबू नये.

पुतणी : आणि मीही. रचना कळली म्हणून उपचार आपोआप निघत नाही. रेडबॅकनं ते शिकवलंय.

काका : तरी एक प्रश्न राहतो. रेडबॅकला आणि ब्लॅक विडोला झेलणारं टोक धरणारी एकच गोळी का नाही? विंचवाला मिळाली तशी?

पुतणी : कारण विंचवाच्या विषानं जीव जातो तो मुख्यतः एका संदेशवाहकामुळे, म्हणून एकच रिसेप्टर अडवला तरी भागतं. अल्फा-लॅट्रोटॉक्सिन सगळ्याच टोकांवर उठतं. अ‍ॅसिटिलकोलिनचे रिसेप्टर अडवायला गेलात तर श्वासाचे स्नायूही बंद पडतील. म्हणून वेदनाशामकं, स्नायू सैल करणारी औषधं आणि वाट बघणं, एवढ्यावर आजचा उपचार थांबतो. यापुढचं जे काही निघेल, ते सोडणाऱ्या टोकावरच शोधावं लागेल, विष रिसेप्टरला धरायच्या आत किंवा धरता धरता. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या गटानं २०२४मध्ये हे विष पटलात रुतताना कसं वळतं, याचं चित्र दिलंय. त्या वळणावर बोट ठेवणारं औषध कोणी करू शकेल का, हे मला बघायचंय.

काका : कर. आणि पहिली चाचणी रुग्णांवर, डोळ्यांवर पट्टी बांधून.

पुतणी : दोघांच्याही.

मला विचाराल, तर या वादात पारडं थोडं काकांकडे झुकतं, कारण महाडच्या गोळीनं वाचवलेली मुलं मोजता येतात. पण पुढच्या गोळीची जागा दाखवील ती पुतणीचीच वाट. रेडबॅकच्या प्रतिविषाची चाचणी व्हायला १९५६पासून २०१४पर्यंत थांबावं लागलं, ही दोघांचीही उणीव आहे आणि ती पुन्हा व्हायला नको.

वाचकांना आणि तालुक्या-तालुक्यांतल्या डॉक्टरांना एक विनंती. ब्लॅक विडोच्या कुळातल्या जातींची भारतातही नोंद आहे, पण घरात दिसणारे बहुतेक कोळी निरुपद्रवी असतात आणि कोळ्याच्या नावावर खपणारी पुष्कळशी गळवं कोळ्याची नसतात. कोणाला कोळी चावल्याचा संशय आला तर जागा कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. कोळी हाती लागला तर बाटलीत घालून सोबत न्या, निदान फोनवर त्याचा स्पष्ट फोटो घ्या, आणि रुग्णाला लगेच जवळच्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी केसपेपरवर चाव्याची वेळ, घाम, रक्तदाब, पोटाचा ताठपणा आणि कोळ्याची ओळख एवढं तरी लिहून ठेवावं. प्रत्येक तासाची नोंद ठेवावी.